कोणाच्या झाडाखालचं

वाळत्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला की मला आलापल्लीजवळची ती सकाळ आठवते. जंगलातलं जे कळेल ते मी मोबाईलमध्ये टिपून ठेवायचो आणि एक नोंद दुसरीला जोडायचो. मोहाच्या नोंदीतून निघून थेट ती फुलं खायला येणाऱ्या अस्वलापर्यंत पोचता यायचं, याचा मला भारी अभिमान होता. त्या सकाळी एक म्हातारी बाई फुलं वेचता वेचता मला मोहाबद्दल सांगत होती आणि मी भराभर टिपत होतो. तिला मदत म्हणून मी शेजारच्या झाडाखालची दोन ओंजळी चिकट फुलं उचलून तिच्या टोपलीत टाकली. ती थबकली. "हे काऊन टाकलं जी? ते झाड माह्यं नाई. ज्या बाईचं हाये, ती तापानं पडली हाये घरी." मग तिने वरची दोन ओंजळी फुलं परत काढली, पदरात वेगळी बांधली आणि जाताना त्या बाईच्या दारात ठेवली. घरी येऊन मी माझ्या नोंदी उघडल्या. शेकडो होत्या, सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, पण कोणी सांगितलं ते एकीतही नव्हतं. आजही नवी नोंद करताना पहिल्या ओळीत मी सांगणाऱ्याचं नाव लिहितो: हे कोणाच्या झाडाखालचं.