बहिष्काराचे पुढारी

लोह्याला आमच्या शिक्षक संघटनेचे एक पुढारी होते. दर वाक्याला स्वतःच्या छातीवर थाप मारून म्हणायचे, "आपण हाव की!" पगार कधीच वेळेवर नाही, त्यात परीक्षेचं पर्यवेक्षण फुकटात. म्हणून आम्ही बहिष्कार ठरवला, तेव्हा ते खुर्चीवर चढून गरजले, "एक बी मास्तर वर्गात पाऊल टाकणार न्हाई! नोटीस आली तर आधी माझ्या अंगावर घेईन." सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या.

परीक्षेच्या सकाळी आम्ही सात-आठ जण केंद्राच्या फाटकाबाहेर उभे राहिलो. आत व्हरांड्यात हे गृहस्थ प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून फिरत होते.

"सर, तुम्ही आत?" मी ओरडलो.

ते फाटकापाशी आले. "मला केंद्रसंचालक केलंय. हे पर्यवेक्षण न्हाई, जबाबदारी हाय. लई फरक हाय त्यात."

लाज वगैरे काही नाही. खिशातून पेन काढून त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव काय हो? गैरहजरांची यादी वर पाठवायचीय, पूर्ण नाव लागतंय."

थुंकावंसं वाटलं. पण मी मुकाट्याने वडिलांचं नाव सांगितलं.