कडेने शिरणारी वाफ

शाइस्ताच्या वडिलांची, मकसूदभाईंची, भवानी पेठेत बेकरी होती. आपली मुलगी रबरावर काहीतरी करते, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. ती आमच्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होती. मी तिथे काचेची उपकरणं फुंकून बनवायचो. विज्ञान मला बेताचंच कळतं. तिने मला जसं सांगितलं तसं लिहितो, चुकलं तर ते माझं.

तिच्या पदार्थाचा प्रत्येक रेणू अर्धा कडक प्लॅस्टिकचा, अर्धा मऊ रबराचा. दोघांचं पटत नाही, पण एकमेकांना जोडलेले असल्यामुळे वेगळंही होता येत नाही. म्हणून पदार्थ सावकाश वाळवला की त्यात आपोआप एकावर एक आडवे थर पडतात, एक कडक, एक मऊ, डोळ्यांना न दिसणारे. त्याच्या पातळ पापुद्र्यात हेक्झेन नावाच्या द्रावकाची वाफ किती वेगाने शिरते, हे तिला मोजायचं होतं. मऊ थरातून वाफ सहज जाते. कडक थराशी अडते.

मी केलेल्या उभ्या नळीत केसासारखी बारीक स्प्रिंग होती. तिला पापुद्र्याचा तुकडा टांगायचा. वाफ शिरली की तुकडा जड होतो आणि स्प्रिंग खाली उतरते. ते ती छोट्या दुर्बिणीतून बघायची.

स्प्रिंग अपेक्षेपेक्षा फारच लवकर उतरू लागली. तिचे मार्गदर्शक दीनानाथ सर माझ्या खोलीत आले.

"काय हो, नळी गळते का?"

"नाही सर."

"मग निसर्ग गळत असेल."

नळी तपासली, ती ठीक होती. कडक थरांना भेगा असणार असं सरांनी ठरवलं आणि तिच्यासोबत तसा शोधनिबंध लिहून परदेशी नियतकालिकाला पाठवला.

हे २००० सालचं. निम्मी मुलं संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला पळत. शाइस्तालाही सेनापती बापट रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळाली होती. एक जूनला हजर व्हायचं होतं. प्रबंध टाइप होत आला होता.

सरांनी आणखी एक मोजमाप मागितलं. लहान तुकडे संपले होते, म्हणून तिने दुप्पट रुंदीचा टांगला. जाडी तीच. त्याला जवळजवळ चौपट वेळ लागला.

"काका," ती माझ्या स्टुलावर बसून म्हणाली, "वाफ सपाट बाजूने शिरत असती, तर रुंदीने काय फरक पडला असता? ती कापलेल्या कडेने शिरत होती."

त्याच आठवड्यात मकसूदभाई नोकरीच्या आनंदात खारीचा डबा घेऊन आले. ती त्यांना माझ्या खोलीत घेऊन आली. मी चहा मागवला.

"अब्बा, खारी चहावर आडवी ठेवली तर?"

"वरचा पापुद्रा दम धरतो."

"आणि कापलेली बाजू बुडवली तर?"

"लगेच पिते. थर उघडे असतात ना तिथे."

"मी इतके दिवस ती बाजूच मोजली. आणि लिहिलं की पापुद्र्यांना भेगा आहेत."

मकसूदभाईंनी खारी बशीत ठेवली. "भेगा आहेत का?"

"बहुतेक नाहीत."

"म्हणजे चांगल्या मालाला नावं ठेवलीस."

ती म्हणाली, "कडा बंद करून पुन्हा मोजायला हवं. एक तारखेला जाता येणार नाही. कंपनीकडे मुदत मागितली, नाही म्हणाले."

मकसूदभाईंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं.

"मग ही वाटायची की परत न्यायची?"

"वाटा."

दीनानाथ सरांना तिने सगळं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कडा बंद करूनही स्प्रिंग उतरली तर भेगा खऱ्या. निबंध राहील, तुझी नोकरी जाईल. नाही उतरली तर दोन्ही जातील. नोकरी कशीही जातेच आहे, एवढं लक्षात घे."

"घेतलंय सर."

तिने तुकड्याच्या चारी कडा इपॉक्सी गोंदाने बंद केल्या. शेजारच्या नळीत उघड्या कडांचा तुकडा टांगला. दोन्ही नळ्यांना वाफ एकाच बाटलीतून.

एक जूनच्या दुपारी सर आले. उघड्या कडांची स्प्रिंग केव्हाच खाली आली होती. दुसऱ्या नळीच्या दुर्बिणीला त्यांनी बराच वेळ डोळा लावला. मग माझ्याकडे वळले.

"काय हो, ही नळी तुंबली तर नाही?"

मी तोटी उघडून दाखवली. वाफ नीट येत होती.

सरांनी चष्मा पुसला. "निबंध मागे घेतो असं पत्र तूच लिही. सही मी करतो."

"उद्या लिहिते सर."

ते गेले. शाइस्ताने दुर्बिणीला पुन्हा डोळा लावला. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. स्प्रिंग सकाळी होती तिथेच होती. संध्याकाळी मी खोली बंद करायला गेलो, तेव्हाही ती तेच बघत होती.