साऱ्या गावाच्या बोटांची डबी

दवनीवाड्याला आमच्या शेजारी धुरपताकाकी राहायची. तिच्या ओट्यावर चढलं की पाण्याच्या आधी तंबाखूची पितळी डबी पुढे यायची. डबी तिच्या नवऱ्याची, चुन्नीलालकाकांची. दोन हजार दोन साली ते हरवलेला बैल शोधायला जंगलात गेले आणि परत आलेच नाहीत. बैल मात्र आपल्या पायांनी घरी आला.

काकी कुंकू लावत राहिली. डबीही तिनं कधी रिकामी होऊ दिली नाही. "त्याईच्या ओट्यावरून कोनी बिना तंबाखूचा गेला नाही. आता काऊन जाईन?" असं म्हणायची. अख्ख्या गावानं त्या डबीत बोटं घातली, मीही. आता तो ओटा नाही, काकी नाही. तंबाखूचा वास आला की अजून गलबलून येतं.

काका हरवल्यावर दहा-अकरा वर्षांनी तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांना जंगलात माणसाची हाडं सापडली. काकांना ना मूल, ना भाऊबहीण; रक्त कोणाचं जुळवणार? पोलिसांनी विचारलं, त्यांच्या हातची एखादी वस्तू आहे का? हात लागतो तिथं माणसाचा अंश चिकटून राहतो म्हणे, त्यातून डीएनए निघतो. मला वाटलं, काकी डबी जपून फडक्यात गुंडाळून देईल. कशाची! रिकामी डबी कोणाच्या हाती देऊ नये, म्हणून तिनं ती ताज्या तंबाखूनं भरली. न्यायला आलेल्या जमादारानंही सवयीनं चिमूट उचलली. मी कपाळावर हात मारला.

अहवाल आला तो मीच वाचून दाखवला. डबीवर कितीतरी माणसांचे अंश एकमेकांत मिसळलेले, जुने होते ते तुटून विरलेले. त्यातून काका वेगळे काढता येत नाहीत. हाडं त्यांची की दुसऱ्या कोणाची, सांगता येत नाही.

मी चिडलोच. "काकी, तूनंच मिटवलं त्याईले! साऱ्या गावाले वाटत बसली."

तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "मंग ते हाडं कोनाचे?"

"कोनाले मालूम."

"कोनाच्या तरी घरचा असन ना, बापा. त्याले पानी कोन देईन?"

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन वैनगंगेवर गेली. तीळ हातात देताना गुरुजींनी विचारलं, कोणाच्या नावानं?

"नाव मालूम नाही," काकी म्हणाली, आणि कपाळावरचं कुंकू भिजू नये म्हणून तिनं पदर पुढे ओढला.