बारानंतरची भाकरी

माझ्या नातवाच्या घरी एक गुबगुबीत कुत्रा आहे. दिवाळीत फटाके सुरू झाले की तो पलंगाखाली जातो, आणि घरातली सगळी मोठी माणसं जमिनीवर आडवी होऊन त्याची समजूत काढत बसतात. मागच्या वर्षी त्याला शिकवायला एक गृहस्थ गाडीतून येऊ लागले. चांगला माणूस. त्याचं बोलणं ऐकताना मला आमच्या बनुबाई आठवल्या. त्यांनी हेच काम कृष्णेच्या वाळूत बसून केलं होतं. याच्याहून वाईट केलं, चुकत केलं आणि सगळा वेळ कंटाळून केलं.

बनुबाई माझ्या नवऱ्याची चुलती, म्हणून मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्रेचाळीस साली मी लग्न होऊन कराडच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या त्या गावात गेले, तेव्हा त्या पन्नाशीला आल्या असतील. नवरा कधीच गेलेला. एकुलता मुलगा मानसिंग पलटणीत भरती होऊन इटलीच्या लढाईवर. मागं ऊस, एक म्हैस, दुखणारे गुडघे आणि मानसिंगचा कुत्रा.

कुत्रा शिकारी जातीचा, कारवानी. लांब तोंड, बारीक कंबर, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. मानसिंगनं त्याचं नाव पैलवान ठेवलं होतं आणि त्यावर सगळं गाव हसून झालं होतं. आत्याबाईंना कुत्र्याची हौस म्हणून नव्हती. घरात शिरला तर चुलीपुढचं लाकूड फेकायच्या. पण मसूरच्या स्टेशनवर गाडी सुटताना मानसिंग म्हणाला होता, "आये, मी येस्तोवर पैलवानाला मरू देऊ नगंस." या वाक्याला त्यांनी गाठ मारून ठेवली होती. कुत्रा मेला तर मुलगाही परत यायचा नाही, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. तसं त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही. मी कॉलेजात शिकून आलेली; एकदा विचारलं तर म्हणाल्या, तुझं कॉलेज तुझ्यापाशी ठेव आणि ते शेण उचल.

अडचण अशी होती की पैलवान आवाजाला भ्यायचा. साधंसुधं भिणं नव्हे. ढग गडगडला, कुणी पत्र्यावर दगड टाकला, की त्याचे डोळे पांढरे व्हायचे. मग दावं तोडून, दार ओरबाडून वाट फुटेल तिकडं सुटायचा, आणि वाटेत आडवा येईल त्याला दात लावायचा. चव्वेचाळीसच्या चैत्रात देवीच्या जत्रेत छबिन्याला, म्हणजे पालखीच्या मिरवणुकीला, उखळी उडाल्या. उखळी म्हणजे ओतीव लोखंडाचं बुटकं नळकांडं. त्यात दारू ठासून बत्ती दिली की तोफेसारखा बार होतो. पहिल्याच बाराला पैलवान परड्याचं दार मोडून बाहेर पडला, पालखीच्या भोयांच्या पायांत घुसला आणि नानासो पाटलांच्या पोटरीला कडकडून चावला. पालखी कलली. देवीचा टोप खाली आला.

नानासो गावचे पाटील, आमच्या भाऊकीतले, आत्याबाईंना वहिनी म्हणणारे. आरडाओरडा करणारा माणूस नव्हता तो. जखम बरी झाल्यावर घरी आले, चहा घेतला आणि सांगून गेले की या वर्षी गय केली. पुढच्या छबिन्याला हे जनावर पुन्हा बिथरलं तर आपण तिथंच गोळी घालू. त्यांच्याकडं परवान्याची बंदूक होती आणि ते बोलल्याप्रमाणे करायचे.

मग गावानं उपाय सुचवले. धोंडुबाई म्हणाली अफूची गोळी द्या. कुणी म्हणालं कानात मेण घाला. आत्याबाईंच्या दिरानं भरपूर ठोकून काढायचा सल्ला दिला, आणि एकदा स्वतः ठोकूनही पाहिलं. त्यानंतर कुत्रा आवाजाला भ्यायचा तो भ्यायचाच, वर दिरालाही भिऊ लागला. दिवसभर परड्याच्या कोपऱ्यात थरथरत बसायचा. आत्याबाईंनी दिराला पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, ते मात्र मला आवडलं.

रस्ता दाखवला रहिमतबीनं. रहिमतबीचा मुलगा महंमद गावच्या जत्रेचं दारूकाम करायचा. त्यांच्या घरात ते पिढीजात होतं. रहिमतबी आणि आत्याबाई एका वयाच्या, एका घाटावर धुणं धुणाऱ्या. ती सहज म्हणाली, आमच्या दारातल्या शेरड्या बघ. बार झाला तरी रवंथ थांबत नाही. जन्मल्यापासून ऐकतायत.

"ह्यो कुठं आता जन्माय जातोय," आत्याबाई म्हणाल्या. पण बोलणं त्यांच्या मनात राहिलं.

महंमद पावसाळा सरला की संध्याकाळी नदीच्या वाळूत उखळी मांडून दारूचा मासला उडवून बघायचा. तेव्हा लढाईमुळं गंधक मिळायची मारामार, त्यात सातारा जिल्ह्यात कुठं काही फुटलं की पोलीस धावत यायचे. म्हणून नानासोंनी त्याला एका संध्याकाळी एकदोनच बार उडवायची मुभा दिलेली. आत्याबाई महंमदकडं गेल्या आणि म्हणाल्या, तू तुझं काम कर, मी लांब बसते. महंमद म्हणाला, "काकी, कुत्रं तुमास्नी वढत पार पाटणला नेईल." तरी त्यानं उडवायची वेळ कळवायचं कबूल केलं.

आत्याबाई पैलवानाला घेऊन नदीच्या पलीकडच्या काठावर, बाभळींच्याही मागं जाऊन बसायच्या. तिथून बार म्हणजे दूरवर कुणी धोपटल्यासारखा यायचा. कनवटीला भाकरी. लोकांनी चेष्टा केली. घाटावरच्या बायका विचारायच्या, "आवं बनुबाई, कुत्रं कितवीत गेलं?" त्या उत्तर द्यायच्या नाहीत. त्यांचे गुडघे त्या उतारावर इतके दुखायचे की उत्तराला श्वास नसायचा.

आणि पहिल्या फेरीत त्यांनी घोळ घातला. आपण जेवायला बोलावल्याशिवाय कुणाला काही सांगत नाही. आधी पान मांडायचं, मग विषय काढायचा, ही आमच्याकडची रीत. आत्याबाईंनी कुत्र्यालाही तीच लावली. महंमदनं लांबून हात वर केला की त्या आधी भाकरीचा तुकडा पुढं करायच्या, कुत्रा तो घ्यायचा, की धाडकन बार. त्यांचा हिशेब असा की पोटात काही असलं म्हणजे धीर राहतो. काही दिवसांत कुत्र्यानं घरी भाकरी खायचं सोडलं. भाकरी दिसली की मान खाली घालून मागं सरायचा. त्याच्या लेखी भाकरी म्हणजे आता काहीतरी फुटणार. दूध पिऊन कसाबसा जगला. आधीच काडी, त्याची सावली पडेना.

त्या दिवसांत मी आत्याबाईंना चुलीपुढं नुसतं बसलेलं पाहिलं आहे. विस्तव विझलेला, हातात फुंकणी. कुत्र्याकडं बघत म्हणाल्या, "गोळीनं मरायचा त्यो माज्या हातनंच मरतोय गं." नंतर त्या उठल्या, गुडघ्याला एरंडाचं पान बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नदीवर गेल्या, कारण दुसरं काय करायचं तेही त्यांना माहीत नव्हतं.

त्या दिवशी भाकरी द्यायची त्या विसरल्या. खरं म्हणजे कंटाळून डोळा लागला होता. बार झाला, त्या दचकून जाग्या झाल्या आणि ओशाळून चटकन तुकडा टाकला. कुत्रा थरथरत होता. तुकड्याकडं बघत राहिला. बराच वेळ. मग खाल्ला. पुढं काही आवाज झाला नाही.

तिथून क्रम उलटा झाला. आधी बार, मग भाकरी. सुरुवातीला बाभळींच्या मागं, मग बाभळींच्या अलीकडं, मग पाण्याजवळ. मध्ये एकदा त्यांना घाई झाली. संक्रांत उलटली, जत्रा जवळ आली म्हणून एकदम नदी ओलांडून महंमदच्या अंगाशी नेलं. कुत्रा सुटला तो उसात शिरला आणि अंधार पडेपर्यंत सापडला नाही. पुन्हा बाभळींमागून सुरुवात. आत्याबाई महंमदला शिव्या देत होत्या, महंमद गंधकाला, आणि एक दिवस चौकशीला आलेला पोलीस त्या दोघांना. वाळूत एक म्हातारी कुत्र्याला भाकरी चारतेय एवढंच त्याला दिसलं. तो काही न लिहिता निघून गेला.

फाल्गुनात पैलवान महंमदच्या शेजारी बसून बार ऐकू लागला. दचकायचा, पण बसायचा. लगेच आत्याबाईंच्या हाताकडं मान वळवायचा. शेवटी शेवटी तर बार झाला की शेपूट हलायची.

छबिन्याच्या दिवशी त्यांनी कुत्र्याला घरात, पडवीच्या खांबाला बांधलं. देवळाजवळ आणायचाच नाही असं ठरलं होतं. त्या स्वतः विधवा. पालखीच्या समोर विधवेनं यायचं नाही, म्हणून देवळाच्या मागच्या भिंतीशी आम्हा बायकांच्याही पाठीमागं उभ्या. नानासोंनी बंदूक आणली होती. कट्ट्याला टेकवून ठेवली होती, सगळ्यांना दिसेल अशी.

पहिला बार झाला. मग गल्लीच्या तोंडाशी गलका उठला आणि माणसं दोन बाजूंना फाटली. पैलवान येत होता. या जातीच्या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा बारीक. पट्टा त्यानं सहज डोक्यावरून काढला होता. आणि पळत होता तो आवाजापासून लांब नव्हे, सरळ आवाजाकडं. नदीवर भाकरी मिळायची ती उखळीपाशी. मग त्यानं दुसरीकडं कुठं जावं?

हे आत्याबाईंना कळलं, मला कळलं, महंमदला कळलं. बाकी गावाला गेल्या वर्षीचं चावरं कुत्रं पालखीकडं झेपावताना दिसलं. पैलवान भोयांना वळसा घालून महंमदच्या शेजारी जाऊन बसला. दुसऱ्या उखळीला बत्ती आधीच लागली होती. बार झाला. कुत्रा हललासुद्धा नाही. मान वळवून भाकरीचा हात शोधू लागला, आणि हात नव्हता.

मग तो उठला आणि अस्वस्थ होऊन एकेकाच्या हाताला नाक लावत फिरू लागला. बायका किंचाळल्या. भोई पालखी घेऊन मागं रेटू लागले. तो नानासोंच्या हातापर्यंत गेला. नानासोंनी हात झटकला आणि बंदूक उचलली.

आत्याबाई मागच्या भिंतीपासून निघाल्या. देवळाला वळसा घालायला वेळ होता, जागाही होती. त्यांनी घातला नाही. गर्दीतून, पालखीच्या अगदी समोरून, देवीच्या डोळ्यांपुढून आडव्या चालत गेल्या. हलगी थांबली. त्यांनी कनवटीची भाकरी काढली, मोडली आणि कुत्र्याला दिली. तो मुकाट्यानं खाली बसून खाऊ लागला.

नानासो म्हणाले, "वैनी, पालखीफुडनं आला तुमी."

"आले."

"हे बरं न्हाई केलं."

"चावलं का कुणाला? ते सांगा."

नानासो कुत्र्याकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "न्हाई."

"मग ठेवा ती बंदूक खाली. महंमद, तुजं उरल्यालं उडीव."

महंमदनं उडवलं. प्रत्येक बारानंतर त्या एक तुकडा देत होत्या, पालखीला पाठ करून.

पालखीपुढं आल्याबद्दल त्यांना देवीला पुरणाचा नैवेद्य करावा लागला आणि वर्षभर देवळाच्या पायरीखाली उभं राहावं लागलं. मला संताप आला. मी त्यांच्या घरी जाऊन बरंच काही बोलले. त्या पुरण वाटत होत्या. म्हणाल्या, "तू वाटतीयास का? न्हाई ना? मग गप बस." मी पाट्याशी बसले आणि पुरण वाटलं.

मानसिंग शेचाळीसच्या पावसाळ्याच्या तोंडाला आला. धडधाकट आला, जरा जाड होऊन. घरभर माणसं. पैलवान त्याच्या बुटांचा वास घेऊन लांब जाऊन बसला; ओळखलं की नाही ते त्यालाच ठाऊक. गर्दी ओसरल्यावर आत्याबाईंनी कुत्र्याची मान धरून त्याला मुलापुढं आणलं.

"हे घे. तू सांगितलं व्हतंस, मी येस्तोवर मरू देऊ नगंस. जिता हाय."

मानसिंगनं कुत्र्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. "मी म्हनलं व्हतं? कवा?"

"गाडीत बसताना."

"असंल बाई. गाडीत बसताना मी काय काय बोललो मला काय ठावं," तो हसून म्हणाला, आणि कुत्र्याचा कान चोळत पुन्हा इटलीतल्या द्राक्षांचं सांगू लागला.

मी आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत होते. राग नव्हता. त्या भिंतीचा आधार घेत खाली बसल्या आणि पाय लांब केले. मला म्हणाल्या, लीला, जरा उशी दे. दिवस मावळायच्या आत मी त्यांना आडवं झालेलं त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मुलगा बोलत होता, त्या झोपून गेल्या.