पावडर आडव्या रेघेवर

अकरावीला फिजिक्स शिकवते मी. आलेखात आडवी रेघ कशाची, उभी कशाची, हे पोरांच्या डोक्यात घालताना दरवर्षी माझा घसा बसतो. आपण हातानं बदलतो ते आडव्या रेघेवर, त्यामुळे बदलतं ते उभ्या. झालं! पण हेच घरी वडिलांना, अप्पांना, पटवताना माझ्या नाकी नऊ आले, कारण पणाला लागलं होतं आमचं कॉफीचं दुकान.

कुंभकोणमच्या बसस्टँडमागे ते आहे. घरात मराठी, दुकानात तमिळ. गिऱ्हाईक आटत चाललं तशी अप्पांनी पावडर कमी केली. पहिलं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून गळणारा कॉफीचा घट्ट अर्क, उतरलं की त्याच चोथ्यावर पुन्हा उकळतं पाणी ओतायचे आणि तेच फिकं दुसरं डिकॉक्शन दिवसभर वापरायचे. "माणसंच नाहीत, पावडर कशास वाया घालू?" शेवटी दुकान एका मोबाईलवाल्याला द्यायचं त्यांनी ठरवलं. माझं डोकंच फिरलं.

रोज किती पावडर पडली, किती टंबलर कॉफी खपली, याचे ठिपके मी कागदावर मांडले. पावडर आडवी, गिऱ्हाईक उभं. रेघ वर चढली. अप्पांनी चष्मा लावून पाहिलं.

"उलटं मांडलंस गं. गिऱ्हाईक बघून मी पावडर घालतो. गिऱ्हाईक खाली, आडव्या रेघेवर लिही."

तसंही मांडून पाहिलं. मेली रेघ तरीही वरच चढली! ठिपके दोघांच्याही बाजूचे.

"अप्पा, गिऱ्हाईक हातानं वाढवता येतं तुम्हाला?"

"नाही."

"आणि पावडर?"

त्यांनी पावडरीच्या डब्याकडे पाहिलं.

"मग ती खाली. आता ती वाढवून बघायची."

दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी पावडर मीच घालू लागले, भरपूर. चोथ्यावर पुन्हा पाणी नाही म्हणजे नाही. सुरुवातीला काहीच हललं नाही. उरलेलं घट्ट डिकॉक्शन मोरीत ओतताना रडू यायचं, पण मी हटले नाही. मग एक दिवस बाकं भरली आणि मी नाचायचीच बाकी होते.

"आज एकादशी," अप्पा म्हणाले. "गोविंदपुरमला भजनाला चाललेली माणसं ही. तुझ्या पावडरीनं नाही आली."

खरंच होतं ते. दातओठ खात मी तो ठिपका खोडला.

पुढे एका साध्या मंगळवारी, आम्हाला सोडून समोरच्या दुकानात जाणारा स्वामीमलै बसचा कंडक्टर आत डोकावला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरलाही घेऊन आला. हळूहळू उभ्या रेघेवरचे ठिपके वर सरकायला लागले. अप्पा येता-जाता कागदाकडे बघायचे.

ठरल्याप्रमाणे मोबाईलवाला किल्ली मागायला आला. अप्पांनी त्याला बसवलं, पहिल्या डिकॉक्शनची कॉफी फेसाळून पुढे ठेवली आणि तमिळमध्ये सांगितलं, "दुकान द्यायचं नाही आता. कॉफी घ्या."

तो चिडला, पण प्यायला. मग टंबलर पुढे करून आणखी एक मागितली.

अप्पा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "याचाही ठिपका धर. आज एकादशी नाही."