आईच्या नावाने उभी राहिलेली बाई

आमच्या शेतात चुन्याची फक्की टाकून कोणी हद्द आखतंय, हे आईने पाहिलं तेव्हा ती वालाच्या शेंगा खुडत होती. कोन गावाच्या पुढची ती जमीन वडील गेल्यावर आईच्या एकटीच्या नावावर झाली होती. मोठा रस्ता येणार अशी तेव्हा कुणकुण होती आणि दलालांच्या मोटारसायकली गावात फिरू लागल्या होत्या.

"कोनाच्या हुकमानं आखता?" आईने विचारलं.

मुंबईहून आलेला तो गृहस्थ सभ्य होता. "मावशी, ही जमीन आम्ही घेतलीय. मालकीणबाईंनी कचेरीत स्वतः येऊन अंगठा दिलाय."

"कंची मालकीन?"

त्याने नाव सांगितलं. ते आईचंच होतं.

मी पनवेलला कॉलेजात होते. घरी आले तर आई ओट्यावर बसलेली. मला वाटलं रडत असेल. ती विचार करत होती.

"माजं नाव घेऊन कोन तरी उबी रायली," ती म्हणाली. "तिला माजं नाव दिलं कोनी?"

मग तिला आठवलं. भातकापणीच्या आधी एक माणूस आला होता. निराधार बायकांना सरकारी पगार मिळवून देतो म्हणाला आणि आईचं रेशनकार्ड व सातबारा घेऊन गेला. कागद परत आणून दिले, पगार काही आला नाही. त्या काळी खरेदीखतावर फोटो नसायचा. दोन साक्षीदारांनी "या बाईला आम्ही ओळखतो" म्हटलं, की ती बाई मालकीण ठरायची.

तलाठ्याकडे गेलो तर फेरफाराची नोंद धरली होती, पण सातबाऱ्यावर नाव अजून बदललं नव्हतं. आम्ही हरकत घेतली. पनवेलच्या तहसील कचेरीत सुनावणी लागली आणि त्या साक्षीदारांपैकी एकाला बोलावणं गेलं.

सुनावणीच्या दिवशी आई एकटी निघाली नाही. गावातल्या तिच्या वयाच्या बायका तिने बरोबर घेतल्या, त्याही निवडून. कुणाच्याच कपाळावर कुंकू नव्हतं. एसटीत मी विचारलं, "एवढ्या जणी कशाला?"

"त्या साक्षीदाराला ठावं हाय, मालकीन रांडव हाय ते. कुंकवावरनं वळखंल मला. तितं तू बोल. मी तोंड उगडलं तर समजंल त्याला."

कचेरीत बायका भिंतीला पाठ लावून, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. आई त्यांच्यातच कुठेतरी. सफारी घातलेला साक्षीदार ठणकावून सांगत होता, "साहेब, बाईंना मी लहानपणापासून ओळखतो. माझ्यासमोर अंगठा दिला त्यांनी."

मी उभी राहिले. "साहेब, माझी आई इथंच बसलीय. हे लहानपणापासून ओळखतात, तर त्यांनीच दाखवावी."

साहेबांनी मान वर केली. भिंतीकडे पाहिलं, मग साक्षीदाराकडे. "दाखवा."

तो घुटमळला. एकेका चेहऱ्यावरून त्याची नजर फिरली, आईवरूनही फिरली आणि पुढे गेली. शेवटी त्याने आमच्या शेजारच्या काकीकडे बोट केलं. "ह्याच."

काकी ताडकन उठली. "मी? आरं, माज्या नावावर तुलशीपुरती जमीन नाय!"

कचेरीत हशा पिकला. तो ओसरल्यावर आई उठली आणि टेबलासमोर जाऊन पदर मागे सारून उभी राहिली. "सायेब, ती मी हाय. कवा कुनाला जमीन इकली नाय. माजा आंगठा घ्या नि त्यांच्या कागदावरच्याशी लावून बगा."

तिचा आवाज जराही कापला नाही. समोर उभी असलेली बाई माझी आई आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटलं.

अंगठे जुळले नाहीत. फेरफाराची नोंद रद्द झाली. पोलिसात तक्रार दिली, पगाराच्या नावाने कागद नेणाऱ्या त्या दलालाला पकडलं. खरेदीखत मोडायला कोर्टात बरीच वर्षं गेली, पण शेवटी तेही मोडलं. मुंबईचा गृहस्थ स्वतः येऊन आईला नमस्कार करून गेला. तोही फसलेलाच होता.

त्यानंतर गावातल्या बायका कागद घेऊन आईकडे येऊ लागल्या. ती त्यांना बजावायची, "रेशनकार्ड कुनाच्या हाती सोडू नको. कोऱ्या कागदावर आंगठा देऊ नको. नि सातबारा काडून वाचून घ्यावा, आपलं नाव जागेवर हाय का नाय ते." वर त्यांना घेऊन तलाठ्याकडे जायची. तलाठी वैतागायचा, ही ढिम्म हलायची नाही.

पुढे एकदा बँकेत खातं उघडायला गेलो होतो. कारकून म्हणाला, "मावशी, इथं अंगठा द्या, नेहमीचंच आहे." मागे रांग होती. आईने कागद माझ्याकडे सरकवला.

"वाच. मोठ्यानं."

रांगेत चुळबुळ झाली. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचत राहिले.