शेरडांवरचा आळ

हवेतल्या नायट्रेटवर संशोधन करत होते, तेव्हा हवा ओढून घेणारं यंत्र ठेवायला मला एक उंच गच्ची हवी होती. होटगीच्या रस्त्याला ती मिळाली. घर एका निवृत्त नर्सबाईंचं. त्यांची अट एकच : "शेजाऱ्याच्या शेरडांमुळं माझा खोकला जात न्हाय, एवढं कागदावर लिहून द्यायचं."

मी समजावलं. नायट्रोजनचे अणू दोन वजनांचे, जड आणि हलके. कोळशाच्या धुरात, गाड्यांच्या धुरात, खत घातलेल्या रानाच्या मातीत त्यांचं प्रमाण थोडं थोडं वेगळं. त्यावरून प्रदूषण कुठून आलं याचा माग काढता येतो.

"म्हंजे कुणाचं हाय ते कळतं," बाई म्हणाल्या. "बास की."

दुपारपर्यंत ही बातमी शेजारी, शेरडांच्या मालकाकडे, म्हणजे मामांकडे पोचली. त्यांनी मला फाटकातच गाठलं. "ताई, तुमचं यंत्र शेरडाला वळखतं व्हय?"

"नाही हो मामा."

"मग बाईंच्या बंबाला वळखू द्या. रोज सकाळी टायरचं तुकडं घालत्यात त्यात."

यंत्रातला गाळणकागद मी दर सोमवारी बदलायचे. संस्थेत तपासताना एका आठवड्याच्या कागदावर अमोनिया भलताच निघाला. मी न सांगता गच्चीवर गेले, तर यंत्राखाली ताज्या लेंड्यांनी भरलेली पाटी! वर ओलं पोतं.

मी बाईंना वर बोलावलं. "मावशी, हे काय?"

"तुझ्या यंत्राला वास यीना, म्हणून जरा जवळ आणून ठेवलं."

"आणल्या कुठून?"

"त्यांच्याकडनंच. गुलाबाला खत पायजे म्हणलं. बिचाऱ्यानं पाटी भरून दिली की."

तो कागद फेकून द्यावा लागला. माझ्या मार्गदर्शक सरांना मी "तांत्रिक अडचण" एवढंच कळवलं.

बाकीचे कागद परगावच्या प्रयोगशाळेत गेले. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. मी दोघांना फाटकाशी बोलावून वाचून दाखवलं : नायट्रेटचा मोठा वाटा रस्त्यावरच्या गाड्यांचा, त्याखालोखाल खताच्या रानांचा.

मामांनी आभाळाकडे बघून हात जोडले. "सुटली माझी शेरडं!"

"आन् माझा खोकला?" बाई माझ्यावरच घसरल्या.

"ते डॉक्टरांना विचारा, मावशी."

"डॉक्टरला काय कळतंय? तीस वर्सं मीच त्यांना सांगत आले."

यंत्र उतरवायला गेले, तर बाई आडव्या उभ्या. "ऱ्हाऊ दे की हितंच. त्याच्या घरघरीनं कावळं येत न्हाईत. यंदा एक कुरडई गेली न्हाय माझी."

यंत्र संस्थेचं, न्यावंच लागलं. मी जिना उतरेपर्यंत बाई तणतणत आत निघून गेल्या. मी रिक्षात बसले, तेव्हा मात्र धापा टाकत आल्या आणि कुरडयांची भलीमोठी पिशवी यंत्रावर ठेवून परत गेल्या.